गिलास पोचवजा

माझी लेक मैत्री सायकल चालवते, आणि खरं सांगायचं तर चहासाठी चालवते. भंडाऱ्यात तिच्यासारख्या पाचसहा जणांचा एक गट आहे. रविवारी उजाडलं की हेल्मेट चढवून निघतात आणि कुठल्या रस्त्यावर चार घटका बसावं असं, चहा-कॉफी बरी देणारं ठिकाण आहे ते हुडकत फिरतात. तुमसरला राइस मिलसमोर एक आहे. तिथल्या चहालाही कोंड्याचा वास येतो म्हणे आणि तोच त्यांना आवडतो. भंडाऱ्यात नदीकडच्या रस्त्यावर झोपाळ्याच्या खुर्च्या टांगलेलं नवं कॉफीचं दुकान निघालं आहे. तिथं कॉफीच्या फेसावर पान काढून देतात. ते त्यांनी एकमतानं नापास केलं. तर एकदा जेवता जेवता मैत्रीनं मला विचारलं, "आई, तुझ्या गावाकडे चांगला चहा कुठं भेटते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "टप्प्यावर."

आता त्याच टप्प्यावर, यशोदामायच्या हॉटेलातल्या बाकावर मी बसले आहे आणि मैत्री अजून पोचलेली नाही.

लाखांदूरकडचं आमचं गाव संपलं की धानाच्या बांद्या लागतात, मग एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीची पार, तिचा बांध, ओलांडली की जंगल. जंगलातून जाणाऱ्या त्या रस्त्याला सगळे टप्पा म्हणत. टप्प्याच्या या तोंडाला एक चहाचं हॉटेल, त्या तोंडाला दुसरं. पाटी दोन्हींनाही नव्हती. हे अलीकडचं, ते पलीकडचं, एवढंच नाव. मैत्री आज भंडाऱ्याहून पलीकडच्या बाजूनं येते आहे, आणि एकटी, कारण गटातल्या कुणाची परीक्षा आहे तर कुणाच्या घरी लग्न. मी मोठ्या रस्त्यानं एसटीचा वळसा घेऊन इथं तिची वाट बघायला आले. पलीकडे पोचल्यावर तिचा फोन आला होता. "आई, मी पोचली. आता निघूनच राहिली. तू चहा सांगून ठेव." टप्प्यात फोन लागत नाही. सांगून ठेवलेला चहा कुंदानं एकदा गरम केला, दुसऱ्यांदा गरम केला आणि मग माझ्याकडे न बघता ओतून टाकला.

कुंदा यशोदामायची सून. आता हॉटेल तीच चालवते. चुलीच्या जागी गॅस आला, कुडाच्या जागी विटा आल्या, दारात शीतपेयांचं लाल कपाट आलं. पण सायकली टेकवायचा बांबू अजून तसाच आडवा बांधलेला आहे. त्यावर आज एकच सायकल टेकलेली, कुंदाच्या पोरीची, शाळेकडून मिळालेली निळी, पुढे टोपली असलेली. एकेकाळी या बांबूला जागा मिळत नसे.

रस्त्याच्या तोंडाशी वनखात्यानं मोठी पाटी ठोकली आहे. या भागात वाघाचा वावर आहे, एकट्याने जाऊ नये. आमच्या लहानपणी या बाकावर तो शब्द कुणी उच्चारत नसे. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं, असं होतं. ‘तो’ म्हणायचं, फार तर ‘मोठा’. अस्वलाचं नाव मात्र बिनदिक्कत घ्यायचे; त्याला तेवढी इज्जत नव्हती. वनखात्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांनी चांगलं ठळक अक्षरात लिहिलं आहे, आणि मी ते सकाळपासून वाचते आहे.

मी जन्माची भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तो या बाकावरून लागला. माझ्या भीतीला ओल्या लाकडाच्या धुराचा वास आहे, आणि त्या धुरातूनच येणारा ठेचलेल्या आल्याचा आणि गवती चहाचा. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन इथं यायची. बाबा पलीकडच्या गावात मास्तर होते. रोज टप्पा ओलांडून सायकलनं जायचे आणि रोज टप्पा ओलांडून यायचे. त्यांची काळी सायकल त्या वळणावर दिसेपर्यंत मी इथं बसून राहायची. यशोदामाय बशीत दोन घोट ओतून माझ्यासमोर सरकवायची आणि म्हणायची, "पी वो पोट्टे. तुह्या बाबाले उशीर नाई झाला, तूच लवकर आली." ती रोज हेच म्हणायची आणि मला रोज ते खोटं वाटायचं.

यशोदामायचा एक नियम होता. एकट्याला टप्प्यात जाऊ द्यायचं नाही. एकटा सायकलवाला आला की ती त्याला बसवायची. पण चहा द्यायची नाही. चहा मागितला तर म्हणायची, "सोबत येऊ द्या जी, मंग देतो." सोबत आली, दोघंतिघं झाले की मगच भांडं चुलीवर चढायचं. घाईचा माणूस चरफडायचा, उन्हाच्या नावानं बोटं मोडायचा, पण चहा न पिता टप्प्यात शिरायची छाती कुणाची नव्हती. त्यामुळे या बाकावर कोण कोण बसून गेलं. बोडीतली मासळी टोपलीत घेऊन निघालेले ढिवर, त्यांच्या कॅरिअरखालून पाणी ठिबकत असायचं. भंडाऱ्याहून पितळेची भांडी घेऊन फिरणारा एक भांडेवाला यायचा. त्याची सायकल दिसायच्या आधी ऐकू यायची. बांगड्यांचे डबे घेतलेली एक बाई, पोस्टमन, नवरीला डबल सीट घेऊन चाललेला नवरा. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसं इथं एकमेकांची वाट बघायची.

निघताना यशोदामाय एक काचेचा गिलास धुऊन, फडक्यात गुंडाळून त्यांच्यातल्या एकाच्या हाती द्यायची. रिकामा. तो पलीकडच्या हॉटेलात द्यायचा. पलीकडून इकडं येणाऱ्या जोडीबरोबर तो परत यायचा. गिलास आला म्हणजे मागचे नीट पोचले. ‘सांभाळून जा’ असं ती कुणालाही म्हणाली नाही. ते म्हणणं म्हणजे त्याचं नाव घेण्यासारखंच. ती एवढंच म्हणायची, "गिलास पोचवजा."

पलीकडचं हॉटेल शंकरभाऊंचं, म्हणजे यशोदामायच्या सख्ख्या दिराचं. ही दोघं एकमेकांशी बोलत नसत. काय झालं होतं ते मला ठाऊक नाही. मोठ्यांना विचारलं की ते चहात फुंकर घालायचे. सणाला जाणं नाही, लग्नाकार्यात पंगत एक नाही. पण गिलास जायचा आणि यायचा. यशोदामाय आलेला गिलास उजेडात धरून बघायची. शंकरभाऊंनी तो राखेनं घासून चकचकीत करून पाठवलेला असायचा. मग ती तो पुन्हा राखेनं घासायची आणि त्याहून चकचकीत करून परत पाठवायची.

चैतात मोहफुलं पडायची तेव्हा सगळा टप्पा गोड आंबूस वासानं भरून जायचा. बायका भल्या सकाळी टोपल्या घेऊन शिरायच्या आणि अस्वलाला ऐकू जावं म्हणून मोठमोठ्यानं बोलायच्या. पावसाळ्यात, धान रोवण्याच्या दिवसांत सायकलींच्या चाकांना चिखल लागून ती फिरेनाशी व्हायची. बांबूशी काड्या ठेवलेल्या असायच्या, त्या काड्यांनी सगळे चिखल खरवडत बसायचे. हिवाळ्यात धानाच्या तणसाच्या ढिगांवर धुकं उतरायचं आणि बाबांची सायकल आधी दिसायची नाही, नुसता डायनॅमोचा घर्रघर्र आवाज यायचा. तो आवाज आता कुठंच येत नाही. मैत्रीच्या सायकलीला तर आवाजच नाही. तिची सायकल एवढी गुपचूप येते की घरात शिरली तरी मला कळत नाही. याचाही मला आज राग येतो आहे.

मघाशी एक ढोरकी आला. गुरं बोडीवर सोडून पाणी प्यायला थांबला. कुंदानं त्याला विचारलं, "टप्प्यातून सायकल येताना दिसली का जी? पोट्टी हाय."

"नाई बा." तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "सकाऊन पारीवर पंजे होते. ओले."

कुंदानं त्याला डोळ्यांनी दटावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझी पाचावर धारण बसली. फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. ती फोनमधली बाई तिचं तेच सांगत राहिली.

अशीच वाट मी एकदा बघितली होती. माझं वय तेव्हा दुसरी-तिसरीचं. धान कापणीचे दिवस. त्या दुपारी माझ्या शाळेला सुटी होती, बाबांच्या नव्हती; मी आईबरोबर बांदीत गेले होते आणि तिथून आई मला इकडं घेऊन आली. आम्ही इथं आहोत हे बाबांना माहीत नव्हतं. पलीकडून आलेल्या बांगडीवाल्या बाईनं सांगितलं होतं की मास्तर आणि भांडेवाला तिच्या आधीच निघाले, गिलास मास्तरांकडे आहे. ती बाई पोचली, तिच्या सोबतीचे लोक पोचले, आणि तिच्या आधी निघालेले पोचले नव्हते. यशोदामायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आईनं माझा हात धरला तो इतका घट्ट की बोटं दुखायला लागली. ऊन उतरत होतं. मग गावातून माणसं आली, काठ्या आल्या, रॉकेलचे रिकामे डबे आले, आणि डबे बडवत सगळे टप्प्यात शिरले. सगळ्यांच्या पुढे यशोदामाय.

डब्यांचा आवाज लांब लांब गेला. मग थांबला. तो थांबला तेव्हा मला जे वाटलं ते मी कुणालाही नीट सांगू शकलेले नाही. थोड्या वेळानं एक जण धावत परत आला. धापा टाकत होता. आईसमोर उभा राहून म्हणाला, "तुकडे भेटले."

आई मटकन खाली बसली. मी बसले नाही. मला ते दोनच शब्द कळले होते आणि त्यांचा एकच अर्थ कळला होता. बाबांचे तुकडे. कुठला हात, कुठला पाय, डोक्यावरची टोपी कुठं असेल, हे सगळं मी उभ्या उभ्या बघितलं. तो माणूस पुढं काहीतरी बोलत होता. "गिलासाचे वो बाई, गिलासाचे," असं तो म्हणत होता, हे मला आईनं पुष्कळ दिवसांनी सांगितलं. मी ते ऐकलंच नव्हतं.

आणि बाबा घरी होते. आमच्या वस्तीतल्या विहारामागच्या आमच्या घरात, मागच्या अंगणात, सायकल भिंतीआड लावून बसले होते. टप्प्यात दगडावरून चाक घसरलं, दोघं पडले, गिलास फुटला. यशोदामायला काय तोंड दाखवायचं, या धास्तीनं दोघंही शहाणे कालव्याच्या पांदणीनं सटकले. बाबांचा बेत असा की बाजारातून तसाच गिलास आणायचा आणि काही झालंच नाही असं दाखवायचं. ज्या टप्प्यातून रोज जायचे, त्या टप्प्याची त्यांना भीती नव्हती. बाईच्या तोंडाची होती. लोकांनी त्यांना शोधून काढलं तेव्हा ते भात आणि सुकटीची चटणी खात होते.

टप्प्यात काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानंच कळलं. डब्यांचा आवाज ऐकून पलीकडूनही माणसं शिरली होती, पुढे शंकरभाऊ. दोन्ही जमाव मधोमध भेटले, तिथंच काचा पडलेल्या. कितीतरी वर्षांनी दीर-भावजय समोरासमोर. शंकरभाऊ खाली बघून म्हणाले, "गिलास फुटला, वहिनी." यशोदामाय म्हणाली, "गिलासाले आग लागो. माणूस कुठी हाय?" एवढंच. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही.

बाबांना पुष्कळ दिवस बिनसाखरेचा चहा मिळाला. त्यांनी आणलेला काचेचा गिलास यशोदामायनं परत केला आणि स्टीलचा काढला. तो फडक्यात गुंडाळावा लागत नसे. पिशवीत नुसता टाकायचा. मला मात्र बाबांनी पुढेही टप्प्यात कधी नेलं नाही. शिकायला मी भंडाऱ्याला गेले, नोकरी तिथंच लागली, आणि या बाकावरून वळणाकडे बघण्यापलीकडे मी त्या रस्त्याला कधी ओळखलं नाही. मग मोटारसायकली आल्या, मोठा रस्ता झाला, लोक वळसा घालून जायला लागले. मघाशी कुंदा सांगत होती, "सासूबाई गेल्या तव्हा गिलास पलीकडेच होता. कोणी सायकलवाला आलाच नाई, मंग कोण आणन?" शंकरभाऊ अजून आहेत, सकाळच्या वेळी चहा उकळतात, गिऱ्हाईक असो की नसो. यशोदामायच्या तेराव्यालाही ते आले नव्हते.

कुंदा माझ्या शेजारी येऊन बसली. तिची सासू बोलायची तसं खोटं तिला बोलता येत नसावं. बोडीवर पाणकोंबडी ओरडत होती, ती ओरडायची थांबली. मी उभी राहिले. बसले. पुन्हा उभी राहिले. मनात जे तुकडे येत होते ते कुणाचे होते हे मी इथं लिहिणार नाही.

आणि मग वळणावर आवाज आला. चेनकव्हरचा, मडगार्डचा, कुरकुरणाऱ्या सीटचा. मैत्रीच्या सायकलीला असा आवाज नाही, म्हणून मी पार खचले. वळणातून एक जुनी काळी सायकल बाहेर आली, त्यावर धोतर नेसलेला, पाठीत वाकलेला म्हातारा. आणि त्याच्या शेजारी, ब्रेकवर बोटं ठेवून, त्याच्या चालीनं, मैत्री.

मी धावले नाही. मैत्रीच आली आणि मी तिचा दंड धरला तो तसाच धरून ठेवला.

"आई, सोड ना, दुखते. अगं या आबांनी मला निघूच नाही दिलं. सायकलच धरून ठेवली. सोबत येऊ दे, म्हणे. कोणी येतच नव्हतं. चहा पण नाही दिला. शेवटी म्हणाले, चाल मंग, मीच येतो."

शंकरभाऊ सायकल बांबूला टेकवत होते. ती नीट टेकली का ते हलवून बघितलं. हॉटेलच्या उंबऱ्याबाहेर थांबले. कुंदानं डोक्यावर पदर घेतला. "या काकाजी, बसा."

ते आत आले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून स्टीलचा गिलास काढला आणि पुढे केला. "वहिनीचा राह्यला होता माह्यापाशी," ते म्हणाले. "चांगला घासला हाय."

कुंदानं गिलास घेतला, उजेडात धरला. मग आत जाऊन त्याच गिलासात त्यांना चहा दिला. ते उंबऱ्यावर बसून प्यायले. मैत्री बाकावर बसून प्यायली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे चहा पास झाला होता. मला रडू येत होतं. मी ते येऊ दिलं.

चहा संपला. शंकरभाऊ उठले आणि सायकलीकडे निघाले.

"परत कसे जाल जी?" कुंदानं विचारलं.

"आलो तसाच."

"एकटे?"

त्यांनी सायकल बांबूपासून काढली. वनखात्याची पाटी त्यांच्या मागेच होती. मैत्री लगेच उठली. "मी सोडून येते न आबांना. त्यात काय."

ती सोडून येणार, म्हणजे येताना ती एकटी. मी हिशेब पुन्हा केला, उलटा करून बघितला. दोघं गेली की एकजण एकटा परत येतो. हा हिशेब यशोदामायनं जन्मभर केला असणार. तो सुटायचा एकच मार्ग होता आणि तो मला अजिबात नको होता. लहानपणापासून ज्या वळणाकडे मी फक्त बघत आले ते वळण समोर होतं, ऊन होतं, पाखरं गप्प होती, आणि पारीवरचे पंजे अजून वाळले नसतील.

"मी पण येते," मी म्हणाले. "तिघं जाऊ. आम्ही दोघी परत येऊ."

"तुला येते का सायकल?" मैत्री म्हणाली.

"यायची."

कुंदानं पोरीची निळी सायकल बांबूपासून सोडवून माझ्या हाती दिली. चाकात हवा आहे का दाबून बघितलं. मग आत गेली आणि गिलास घेऊन आली, धुतलेला, पुसलेला. तो तिनं माझ्या टोपलीत ठेवला. पदर सारखा केला आणि तिच्या सासूसारखंच, माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघून म्हणाली, "गिलास पोचवजा."

पहिल्याच दगडावर तो टोपलीत खणखणला. माझे हात हँडलवर इतके आवळले होते की मला घंटी वाजवता आली नसती. एक हात सोडून मी तो गिलास धरायला बघितलं.

"राहू दे बाई," शंकरभाऊ शेजारून म्हणाले. "वाजू दे. सोबत हाय हे त्यालेबी कळू दे."